नागपुरात एम.टेक. करताना पैशांची सोय कशी लावावी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, यवतमाळकडून पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी नागपुरात येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. नागपुरातच वाढलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. बी.ई.ला शिष्यवृत्ती मिळत होती, म्हणजे एम.टेक.लाही आपोआप मिळेल, असं अनेकजण धरून चालतात. तसं होत नाही. इथे योजना वेगळ्या, अटी वेगळ्या आणि अर्ज कुठे करायचा तेही वेगळं. एक गोष्ट मात्र सगळ्याच योजनांना लागू आहे: पैसा मिळतो, पण उशिरा मिळतो. म्हणून पहिल्या सत्राचा खर्च कुठून करायचा हे प्रवेशाआधीच घरात बसून ठरवा. उरलेली सगळी खटपट त्यानंतरची.

प्रवेश कोणत्या वाटेने घेताय?

कोणती मदत मिळेल हे बरंचसं प्रवेशाच्या वाटेवरच ठरतं. दक्षिण अंबाझरी रस्त्यावरच्या व्हीएनआयटीत (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) एम.टेक.चा प्रवेश गेट या देशपातळीवरच्या परीक्षेच्या गुणांवर, देशभरातल्या एनआयटींसाठी होणाऱ्या सीसीएमटी या सामायिक फेरीतून होतो. हिंगणा रस्ता, काटोल रस्ता, नंदनवन या भागांतल्या महाविद्यालयांत राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, प्रवेश होतो. तिथे गेटवाल्यांना आधी संधी मिळते आणि उरलेल्या जागांवर बिगर-गेट विद्यार्थी घेतात. तिसरी वाट म्हणजे संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागा. ही वाट सगळ्यांत सोपी दिसते, पण पैशांच्या दृष्टीने सगळ्यांत महाग पडते, कारण राज्य सरकारच्या शुल्कविषयक योजनांना साधारणपणे कॅपमधून झालेला प्रवेश लागतो. ‘आत्ता जागा अडवून ठेवा, शिष्यवृत्तीचं नंतर बघू’ असं कोणी म्हणालं, तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: माझा प्रवेश कॅपमधून झाला असं पत्र मिळणार का?

नोकरी सांभाळून अर्धवेळ एम.टेक. करणाऱ्यांना किंवा कंपनीने पाठवलेल्या प्रायोजित विद्यार्थ्यांना स्टायपेंड मिळत नाही. त्यांनी पुढचा बराच भाग सोडून थेट कर्जाच्या भागाकडे गेलं तरी चालेल.

गेटचा स्टायपेंड

पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी मिळणाऱ्या मदतीत सगळ्यांत भरवशाची ही. दरमहा १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने. दोन वर्षांचा हिशोब २,९७,६०० रुपयांवर जातो. घरच्या उत्पन्नाची किंवा जातीची अट नाही. व्हीएनआयटीत हे पैसे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून संस्थेमार्फत येतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता असलेल्या इतर महाविद्यालयांत एआयसीटीईच्या पीजी स्कॉलरशिप योजनेतून थेट खात्यात जमा होतात.

अटी मात्र कडक आहेत. प्रवेशाच्या वेळी गेटचा वैध स्कोअर हातात असायलाच हवा. आधी बिगर-गेट प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी गेट पास झालात, तरी त्याच प्रवेशावर स्टायपेंड सुरू होत नाही. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणून बी.ई.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: एम.टेक.चा विचार मनात नुसता चाटून गेला असला तरी गेट देऊन ठेवा. परीक्षेचं शुल्क आणि काही महिन्यांची मेहनत, त्यावर जवळजवळ तीन लाख रुपये ठरतात. दुसऱ्या कुठल्याच योजनेत एवढ्या मोजक्या खर्चात एवढा मोठा हक्क मिळत नाही.

एआयसीटीईच्या योजनेत अर्जाची सुरुवात तुमच्याकडून होत नाही. आधी महाविद्यालय पोर्टलवर तुमची माहिती भरून ओळख क्रमांक तयार करतं, मग तुम्ही कागद चढवता, मग महाविद्यालय ते तपासून मंजूर करतं. नेमकं इथेच गाडी अडते. पोर्टलला शेवटची तारीख असते. विभागाने नाव पाठवायला उशीर केला तर नुकसान तुमचं होतं, विभागाचं नाही. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या की महाविद्यालयात एआयसीटीईच्या स्टायपेंडचं काम कोण पाहतं. त्यांना जाऊन भेटा आणि ओळख क्रमांक हातात येईपर्यंत अधूनमधून चौकशी करत राहा. यात संकोच करण्यासारखं काहीच नाही.

खातं स्वतःच्या एकट्याच्या नावावर आणि साधं बचत खातं हवं. आईवडिलांसोबतचं संयुक्त खातं किंवा जनधनचं खातं चालत नाही. ते आधारशी जोडलेलं तर हवंच, शिवाय थेट लाभासाठी (डीबीटी) एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे त्याच खात्याची नोंद, म्हणजे सीडिंग, झालेली हवी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत आधार दिला म्हणजे दुसरी नोंद आपोआप झाली असं समजू नका. शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या’ असं स्पष्ट सांगा, आणि झालं की नाही ते आधारच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. गावाकडच्या बँकेत कधीकाळी उघडलेल्या खात्यावर सीडिंग असेल तर पैसे तिकडेच जातील.

स्टायपेंडच्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ-दहा तास प्रयोगशाळा, ट्युटोरियल किंवा संशोधनाचं काम करावं लागतं. हजेरी दर महिन्याला वर जाते. हजेरी किंवा अभ्यासातली प्रगती ठरलेल्या पातळीच्या खाली गेली तर पैसे थांबू शकतात. दुसरीकडे पगारी नोकरी करत हा स्टायपेंड घेता येत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. एआयसीटीईच्या प्रगती आणि सक्षम या शिष्यवृत्त्या पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. एम.टेक.ला त्या नाहीत. दरवर्षी मुली प्रगतीचा अर्ज भरायला बसतात आणि त्या नादात खऱ्या कामाच्या योजनेची तारीख निघून जाते.

राज्याच्या योजना: महाडीबीटी

गेट नसेल तर, आणि काही बाबतींत गेट असलं तरी, राज्याच्या योजनांकडे वळावं लागतं. त्यांतल्या बहुतेक महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर आहेत. लॉगिन आधारवर चालतं, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आणि तुमच्याच हातात असू द्या. वडिलांचा क्रमांक असेल आणि ते गावी असतील, तर प्रत्येक ओटीपीसाठी फोन करावा लागेल.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता येतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत, म्हणजे ज्याला सगळे फ्रीशिप म्हणतात ती. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीही शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप अशा दोन्ही योजना आदिवासी विकास विभागाकडून आहेत. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्यांच्या स्वतंत्र खात्याच्या योजना आहेत. तिथे नॉन-क्रिमिलेअर दाखला निर्णायक ठरतो.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुन्या सवयीने अजूनही सगळे तिला ईबीसी म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क शासन भरतं. मुलींसाठी शासनाने जुलै २०२४मध्ये मोठा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत. ‘मुलीला अजून दोन वर्षं कशाला शिकवायचं’ असं घरी कोणी म्हणत असेल, तर हा निर्णय त्यांच्यासमोर ठेवा. मला तरी या सगळ्या योजनांमध्ये सगळ्यांत जास्त समाधान याच एका निर्णयाचं आहे.

महाविद्यालयाच्या शुल्कपत्रकात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं लिहिलेलं असतं. सवलत ज्या रकमेवर आहे ती नीट पाहा. ‘शंभर टक्के माफ’ ऐकून आलेल्या मुलीला विकास शुल्क, वसतिगृह आणि अनामत रक्कम पाहून धक्का बसतो. तो आकडा आधीच विचारून घेतलेला बरा.

अर्ज भरून टाकला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी महाविद्यालयातल्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे आणि मग संबंधित खात्याकडे जातो. कुठेही त्रुटी निघाली तर तो परत तुमच्या लॉगिनला येतो आणि तिथेच पडून राहतो. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तोही विसरू नका.

दोन्ही घेता येतात का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. गेटचा स्टायपेंड घेणाऱ्याने दुसऱ्या ठिकाणाहून आर्थिक साहाय्य घेऊ नये अशी अट असते. राज्याच्या शिष्यवृत्त्यांमध्येही दुसरी शिष्यवृत्ती किंवा स्टायपेंड घेत नसल्याची अट असते. म्हणून ‘दोन्हीकडे अर्ज करून टाकू, जे येईल ते येईल’ हा मार्ग धोक्याचा आहे. नंतर वसुली निघू शकते.

बसून हिशोब करा. समजा, गोंदियाहून आलेल्या एका मुलीला गेट आहे आणि तिला शुल्क सवलतीचाही हक्क आहे. तिच्या महाविद्यालयाचं वर्षाचं शिक्षण शुल्क ८०,००० रुपये असेल, तर १,४८,८०० रुपयांचा स्टायपेंड घेऊन शुल्क स्वतः भरणं फायद्याचं. शुल्क दीड लाखाच्या वर असेल तर पारडं दुसरीकडे झुकतं. पण एवढ्यावर थांबू नका. स्टायपेंड दर महिन्याला हातात येणारा पैसा आहे, त्यातून खोलीभाडं आणि मेस भागते. शुल्क सवलत बहुतेक वेळा महाविद्यालयाच्या हिशोबात जिरते, हातात काही पडत नाही. कोणती गरज जास्त आहे हे प्रत्येक घरात वेगळं असेल. निर्णय घेतल्यावर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षाकडून तुमच्या बाबतीत काय चालतं ते लेखी घ्या. तोंडी ‘चालतं हो’वर विसंबू नका.

व्हीएनआयटीत केंद्रीय फेरीतून प्रवेश होत असल्याने राज्याच्या शुल्क योजनांपैकी कोणत्या तिथे लागू होतात, हेही तिथल्याच कक्षात विचारा. अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची टॉप क्लास एज्युकेशन योजनाही पाहावी. ती केंद्राच्या यादीतल्या नामांकित संस्थांसाठी आहे.

राहणं आणि जेवण

व्हीएनआयटीच्या आसपास बजाजनगर, अभ्यंकरनगर, माधवनगर, गोपालनगर या भागांत मुलं खोल्या घेतात. हिंगण्याकडच्या महाविद्यालयांत जाणाऱ्यांना मेट्रोच्या ॲक्वा मार्गाजवळ राहणं सोयीचं, कारण तो मार्ग लोकमान्यनगरपर्यंत जातो आणि मधे सुभाषनगर, वासुदेवनगर अशी तुलनेने स्वस्त वस्ती आहे.

शासकीय वसतिगृहासाठी अर्ज आधी करा. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूर मोठ्या शहरांच्या गटात असल्याने भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी आणखी ५,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. गुणांचीही अट आहे आणि विद्यार्थी शहराबाहेरचा असावा लागतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. विदर्भातल्या किती घरांत दोन-तीन एकर कोरडवाहू आहे! तरी या शेवटच्या योजनेची माहिती फार थोड्यांना असते. तलाठ्याकडून सातबारा आणि तहसील कार्यालयातून अल्पभूधारक असल्याचा दाखला काढून ठेवा.

कागद

हे काम निकालाची वाट न पाहता मे-जूनमध्येच उरका. प्रवेशाच्या धांदलीत सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, रेशन कार्ड, आधीची गुणपत्रकं, टीसी, कॅपचं अलॉटमेंट पत्र आणि मधे वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. प्रत्येकाची स्वच्छ स्कॅन प्रत मोबाइलमध्ये आणि ईमेलवर ठेवा.

दोन ठिकाणी विशेष जपा. एक म्हणजे नाव. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुक यांत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधीच दुरुस्त करा. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हे फार आडवं येतं. दुसरं, केंद्राचे आणि राज्याचे दाखले वेगळे असतात. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेलं नॉन-क्रिमिलेअर सीसीएमटीत चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षात काढलेला ओबीसी दाखला मागतात. व्हीएनआयटी आणि राज्याचे कॅप राऊंड दोन्हीकडे नशीब आजमावणार असाल तर दोन्ही दाखले काढा.

जात पडताळणी समिती आणि समाजकल्याणचं कार्यालय दीक्षाभूमीजवळ श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात आहे. आदिवासी विकास विभागाचं कार्यालय गिरीपेठेत. तुमचा मूळ जिल्हा वेगळा असेल तर पडताळणीचं प्रकरण तुमच्या जिल्ह्याच्या समितीकडे असतं, नागपूरच्या नव्हे.

कर्ज

कर्जाला घाबरू नका, पण ते शेवटी घ्या आणि लागेल तेवढंच घ्या. सर्वसाधारण शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. शक्य असेल तर शिकतानाच महिन्याला निदान व्याज भरत जा.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के हमी सरकार देतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळ आणि त्यानंतरच्या हप्ता नसलेल्या वर्षासाठी तीन टक्के व्याज सवलत मिळू शकते. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणासाठी पूर्ण व्याज सवलतीची केंद्राची वेगळी योजना आहे. ती आयुष्यात एकदाच मिळते. बी.ई.ला घेतली असेल तर एम.टेक.ला मिळणार नाही. ज्यांचं बी.ई.चं कर्ज अजून डोक्यावर आहे त्यांनी नवं कर्ज शक्यतो त्याच बँकेत मागावं, नाहीतर पहिल्या कर्जाचे हप्ते मधेच सुरू होतील.

शाखेत अधिकारी ‘आमच्याकडे ही योजना नाही’ म्हणाले, तर वाद न घालता विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. तिथे अर्जाची नोंद राहते आणि नकार दिला तरी कारण द्यावं लागतं.

खासगी मदतीत रिलायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर शिष्यवृत्ती नावाजलेली आहे: ठरावीक शाखांच्या पहिल्या वर्षाच्या १०० विद्यार्थ्यांना सहा लाखांपर्यंत. देशभरातून निवड होते, म्हणून स्पर्धा मोठी, पण गेटमध्ये किंवा पदवीत चांगले गुण असतील तर अर्ज नक्की करा. ‘पैसे भरा, शिष्यवृत्ती मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी किंवा मूळ कागद देऊ नका. खऱ्या योजनेत मध्यस्थ नसतो.

पुढे पीएच.डी. करायची असेल तर

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षातच हा विचार करा. पूर्णवेळ पीएच.डी.ची फेलोशिप १ जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये झाली. विद्यापीठात पहिले आलेल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर फेलोशिप आहे, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही.

राज्याच्या फेलोशिप समाजगटांनुसार वेगवेगळ्या संस्था देतात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे, पुण्याला जावं लागत नाही. जागा मर्यादित असतात आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, म्हणून संकेतस्थळावर नजर ठेवा.

नागपूरचा एक मोठा फायदा इथल्या संशोधन संस्था. नेहरू मार्गावरची नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ची आहे. पर्यावरण, रसायन आणि स्थापत्य शाखांच्या मुलांसाठी तिथे प्रकल्पांवर मानधनाच्या जागा निघतात. वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, धातुशास्त्र आणि यंत्र शाखेवाल्यांनी तिकडे पाहावं. या जागांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात आणि मुदत अनेकदा थोड्याच दिवसांची असते. तुमच्या गाइडची तिथल्या शास्त्रज्ञांशी ओळख असेल तर प्रबंधाचं काम तिथे करता येईल का, हे तिसऱ्या सत्राआधीच विचारा. काम तिथे सुरू असलं की पुढच्या प्रकल्पाची जाहिरात निघताच तुम्हाला कळते.

अडलं तर

आधी महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती कक्ष, मग प्राचार्यांना लेखी अर्ज, पोचेसह. तिथे काही हललं नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवा, सोबत महाडीबीटीचा अर्ज क्रमांक आणि स्थितीचा स्क्रीनशॉट जोडा. एआयसीटीईच्या स्टायपेंडची तक्रार थेट एआयसीटीईकडे करता येते. शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून परीक्षेचा फॉर्म किंवा टीसी अडवली जात असेल, तर एकट्याने सहन करू नका. त्याच प्रवर्गातले चारपाच जण मिळून समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात लेखी अर्ज घेऊन जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या.